कुमुदची राहिलेली फर्माईश

कुमुद गेल्याची बातमी मला कोणी दिली नाही. ती मलाच सगळ्यांना द्यावी लागली. डॉक्टर बाहेर आले, मान हलवून गेले, आमचे हे तिथल्या बाकावर बसले ते उठेचनात, आणि त्यांचा मोबाइल माझ्या हातात आला. तेव्हापासून दुपार टळेपर्यंत मी एकच वाक्य म्हणत होते… 'मी कुमुदची वहिनी बोलते. कुमुद गेली.' निम्म्या लोकांनी विचारलं, कोण कुमुद? मग सांगावं लागायचं, अहो ती टीव्हीतली रखमा. की लगेच तिकडून, 'अरे बापरे! रखमा गेली?' एका गृहस्थांनी तर दुःख व्यक्त करता करता तिचा तो सिरियलमधला डायलॉगही म्हणून दाखवला. मी हो म्हटलं, ठेवते म्हटलं. रडायचं म्हटलं तरी माणसाला आधी टेकायला मिळावं लागतं. मला ते तेरवी आटोपेपर्यंत मिळालं नाही.

आता पेपरच्या पुरवणीच्या बाई म्हणतात, तुम्ही लिहा, तुम्ही सगळ्यात जवळच्या. जवळची म्हणजे काय, कुमुद माझी नणंद. नागपुरात सक्करदऱ्याला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी साड्यांना फॉल-पिको करून देते, आणि मागच्या खोलीत ती राहायची. लिहिणं हे काही माझं काम नाही. पण पेपरात तिच्याबद्दल जे जे छापून आलं ते वाचून माझं डोकं फिरलं. कोणी लिहिलं, 'विदर्भाची जॅझसम्राज्ञी'. सम्राज्ञी कसली, भांडी घासायची पाळी आली की नेमका हिचा घसा बसायचा! दुसऱ्यानं लिहिलं, मागाच्या खटखटीतून तिला ताल मिळाला. आम्ही कोष्टी, हे खरं आहे. पण घरातला माग गेला तेव्हा कुमुद रांगत होती. तिला काय खटखट आठवणार? लोकांना सगळं कसं छान जुळवून पाहिजे असतं.

तिला गाणं मिळालं ते लग्नाच्या बँडमधून. माग गेल्यावर माझ्या सासऱ्यांनी, आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, बँडमध्ये क्लॅरिनेट धरलं आणि पुढे स्वतःचा बँड काढला. वरातीत एक ढकलगाडी असायची, तिच्यावर भोंगे, आणि गाडीच्या बाजूनं माइक घेऊन गाणारा माणूस चालायचा. एका लग्नसराईत त्या माणसाचा आवाज बसला आणि मामाजींनी शाळेतली कुमुद त्याच्या जागी उभी केली. लोक नावं ठेवत राहिले, पण वरातीत पोरगी गाते म्हटल्यावर सुपाऱ्या वाढल्या, मग सगळे गप्प. बोर्डावर नाव आलं, 'मिस कुमुद'. नागपुरात कोणाचं लग्न नसतं? मराठी, हिंदी, तेलुगू, पंजाबी, सिंधी, बंगाली, छत्तीसगढी. वरातीतलं कोणी तरी गाडीजवळ येऊन ओरडणार, 'अपने वाला लगाओ!' आणि तिला ते लावावंच लागायचं. ती शब्द तळहातावर पेननं लिहून घ्यायची. अर्थ नंतर, जेवणाच्या पंगतीत त्याच घरातल्या बायकांना विचारायची. अशा तिला भाषा आल्या. पेपरवाले 'बहुभाषिक गायिका' लिहितात ना, ते हे.

मी तिला पहिल्यांदा ऐकलं ते माझ्याच लग्नात. मी नवरी, आत खोलीत बसलेली, अन् बाहेर वरात दारात आलेली. कोष्ट्याच्या घरचं लग्न आणि भोंग्यातून येत होतं तेलुगू गाणं! माझी आई घाबरली, म्हणाली, 'दुसऱ्याचीच वरात आली का वं बापा?' नंतर कळलं, यांच्या कारखान्यातला एक मित्र तेलुगू होता, त्यानं फर्माईश केली होती. नवरदेवाची सख्खी बहीण, तिनं आपल्या भावाच्या वरातीत नाचायचं की नाही? ती गाडीबरोबर चालत दुसऱ्याच्या पसंतीचं गात होती. मी नंतर विचारलं, तुला स्वतःला काय गावंसं वाटत होतं? ती म्हणाली, 'मले कोनी विचारलंच नाही न वहिनी.'

हा मामाजींचा नियम होता. वरातीत मागितल्याशिवाय गायचं नाही. आपल्या मनानं गाणं सुरू केलं आणि वरपक्षाला नाही आवडलं, तर भांडण. म्हणून गाणारा गाडीपाशी उभा राहून आधी विचारणार, 'बोला, काय ऐकता?' कोणी तरी नाव घेणार, मग मामाजी हात वर करणार, मग गाणं. आणि संपवायचंही आपल्या मनानं नाही. मामाजींचा हात खाली येईपर्यंत तेच कडवं फिरवत राहायचं, कारण वरात कुठे तुंबेल, कुठे पळेल, कोणाला ठाऊक? हा नियम तिच्या हाडात जाऊन बसला. जेवायला वाढतानाही विचारायची, 'बोला, काय घेता?' आम्ही हसायचो.

बँडमध्ये कामठीचे जोसेफ अंकल सॅक्सोफोन वाजवायचे. तरुणपणी कलकत्त्याच्या हॉटेलांत वाजवलेला माणूस, म्हातारपणी आपल्या गावी परत आला आणि लग्नसराईत मामाजींकडे यायचा. दोन कडव्यांच्या मध्ये जी जागा असते ना, तिथे अंकल आपलं काही तरी वाजवायचे. दरवेळी वेगळं. मामाजी चिडायचे, 'अंकल, हे काय वाजवून राहिले? नवरदेवाले घाई आहे न!' पण कुमुदचे कान तिथेच लागले. सुट्टीच्या दिवशी शेअर ऑटोत बसून ती कामठीला जायला लागली. अंकलकडे जुन्या रेकॉर्डी होत्या, इंग्रजी गाणी, काळ्या बायकांचे ते घोगरे, गरम आवाज. घरी येऊन ती शब्दच नसलेलं गायची, डू-बा, डा-बा असं. मी म्हणायची, 'शब्द विसरली का वं?' ती म्हणायची, 'वहिनी, हेच तं जॅझ आहे.' मी म्हणायची, असेल बाई, पण कणीक मळून घे. अंकल तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, हे तिनं मला कितीदा तरी सांगितलं. 'गाना दूसरे का है, ठीक है। बीच में तू क्या करेगी, वो बता।'

मध्ये तिनं पुष्कळ केलं. अंकलच्या ओळखीनं कलकत्त्याला गेली, मग गोवा, मग मुंबई. पहिल्याच हॉटेलात फजिती. गाणं सुरू केलं आणि शेवटचं कडवं संपवेचना, तेच तेच फिरवत राहिली, कारण कोणाचा तरी हात खाली येण्याची वाट पाहत होती! पियानोवाला बिचारा घामाघूम. शेवटी त्यानंच पियानोचं झाकण आपटलं. हे ती स्वतः सांगून पोट धरून हसायची. पण हॉटेलातही शेवटी तेच होतं, बरं का. वरातीत लोक ओरडायचे, इथे वेटरच्या हाती चिठ्ठी पाठवायचे. इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज, बंगाली, कोकणी, जे मागतील ते. माइकपाशी उभी राहिली की पहिलं वाक्य ठरलेलं, 'बोला, काय ऐकता?' फक्त भाषा बदलायची. लोकांना वाटायचं किती आपुलकीनं विचारते.

मग मुंबईत सिरियल मिळाली. दहा-अकरा भाषांत गाणारी बाई, तिला काम काय दिलं? मोलकरणीचं. नागपूरकडची रखमा, दर दोन वाक्यांनी 'मले काय ठाऊक बापा!' म्हणणारी. आमची बोली टीव्हीत आली की समजून जायचं, आता हसायचं आहे. मालकीण शुद्ध बोलणार, तिला दुःख असणार, नवऱ्यानं सोडलं, मूल हरवलं, काय काय. रखमाला दुःख नाही. तिच्या तोंडून आमची बोली येणार आणि लोक हसणार. आमच्याच गल्लीतले लोक, घरात तसंच बोलणारे, टीव्हीपुढे बसून पोट धरून हसायचे. मला राग यायचा. कुमुदला नाही यायचा, निदान ती दाखवायची नाही. म्हणायची, 'लोकाइले हासू पाहिजे, देऊन राहिली मी.' त्या सिरियलनं तिला घराघरांत नेलं, हे नाकारून चालणार नाही. पण त्याच सिरियलनं पुढे तिचं काय केलं, ते सांगते.

सिरियल बंद पडली त्याच उन्हाळ्यात माझ्या सासूबाई गेल्या, मी त्यांना आत्याबाई म्हणायची. मामाजी त्याआधीच गेले होते. कुमुद आली ती परत गेलीच नाही. मागची खोली तिनं घेतली. एक कीबोर्ड आणि ढीगभर साड्या, एवढाच तिचा संसार. लग्न केलं नाही, का केलं नाही हे मला विचारू नका, तिला विचारायची माझीही हिंमत नव्हती. पहिले काही महिने नुसती झोपून असायची. एक दिवस माझ्या मशीनजवळ येऊन बसली आणि म्हणाली, 'वहिनी, माह्या तोंडात सगळे दुसऱ्यायचेच शब्द आहेत वं. इतक्या भाषा, अन् एक ओळ माही नाही.' मी दोरा ओवत होते. म्हटलं, 'मग कर न एक.' जसं काही पोळी करायची आहे!

ती करायला बसली. इंग्रजीत केलं, म्हणाली हॉटेलचं वाटते. हिंदीत केलं, म्हणाली सिनेमाचं वाटते. पुस्तकी मराठीत केलं, तर मीच म्हटलं की शाळेच्या स्नेहसंमेलनात गायला बरं आहे. असं वर्षभर. रोज दुपारी खोलीतून तेच दोन-चार सूर यायचे, मग शांतता, मग दार आपटल्याचा आवाज. नागपूरचा उन्हाळा, तुम्हाला काय सांगायचं. मी दुपारी मशीन बंद करून आडवी होण्याआधी तिला ओरडून सांगायची, 'कूलरात पाणी टाक वं बाई!' कारण पाइप तिच्या खोलीच्या बाजूला. एका दुपारी मी ओरडले आणि पाणी टाकल्याचा आवाज आला नाही. परत ओरडले. तिकडून माझंच वाक्य गाण्यात परत आलं, सावकाश, दमलेलं, कूलरच्या घरघरीवर सूर धरून…

कूलरात पाणी टाक वं बाई, दुपार अंगावर येते,
गेलेलं माणूस येत नाही, ऊन मात्र रोज येते.

मी उशीवर तशीच पडून राहिले. आत्याबाई गेल्यापासून घरात कोणी त्यांचं नाव काढत नव्हतं. यांना सहन होत नव्हतं म्हणून आम्हीही नाही. मी उठून तिच्या दारात गेले आणि म्हटलं, हे माझं वाक्य आहे. ती म्हणाली, 'तुहंच आहे. चोरलं मी.' आणि ती रडायला लागली, मग मीही. कूलरात पाणी घालायचं तसंच राहिलं.

त्या एका गाण्यानंतर वाट मोकळी झाली. पुढे आणखी चार-पाच केली, सगळी आमच्या बोलीत, आणि मध्येच अंकलची ती जागा, डू-बा डा-बा. एक होतं रेल्वे फाटकाशी थांबलेल्या बाईचं, एक सासरी पहिल्यांदा जेवायला बसलेल्या सुनेचं. पण मला विचाराल तर कूलरचं ते कूलरचंच. मी तिला रोज म्हणायची, म्हण न ते. ती म्हणायची, पण वर एक सांगायची, 'तुही फर्माईश नाही धरत मी वहिनी. तू घरची आहे. बाहेरचा माणूस कोनी म्हणन न, कुमुदबाई, तुमचं ते गाणं म्हणा, तवा मी मानीन का हे गाणं झालं.' मी म्हटलं, 'अवं पण बाहेरच्याले ते माहीतच नाही, तं मागन कसं?' ती म्हणाली, 'तेच तं.'

मग आपणच ऐकवायचं ठरवलं. नागपुरातल्या एका मोठ्या सभागृहात तिचा कार्यक्रम होता, जुन्या गाण्यांचा. हाउसफुल्ल. मी शिवलेला निळा गाऊन घालून ती उभी राहिली. नेहमीची गाणी झाली, टाळ्या झाल्या, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं 'काय ऐकता' असं विचारलं नाही. नुसतं म्हणाली, आता एक माझं. पेटीवाल्यानं सूर धरला. तिनं पहिली ओळ म्हटली, 'कूलरात पाणी टाक वं बाई…' आणि सभागृह हसलं. वाईट मनानं नाही हसलं हो. त्यांना वाटलं, रखमा आली! मागून कोणी तरी ओरडलंही, 'मले काय ठाऊक बापा!' अजून हशा. ती थांबली. मी पहिल्या रांगेत होते, मला तिचा चेहरा दिसत होता. दुसऱ्या ओळीसाठी तिनं श्वास घेतला होता, मी पाहिला. तो तिनं सोडून दिला. मग हसली, रखमासारखी मान वेळावली, आणि म्हणाली, 'बोला, काय ऐकता?' चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. तिनं सगळ्या गायल्या.

घरी येताना ऑटोत मी त्या हसणाऱ्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या… तरी समाधान झालं नाही. दुसऱ्याची गाणी त्यांना सात भाषांत चालतात. आपल्याच घरातली भाषा गाण्यात आली तर दात काढतात! पुढे नंदनवन भागातल्या एका लहानशा स्टुडिओत तिनं ती गाणी रेकॉर्ड केली, कोणाच्या तरी मदतीनं इंटरनेटवर टाकली. ओळखीच्यांनी लाइकचे अंगठे दाबले. मुंबईच्या एका माणसानं फोन करून सांगितलं, चाल चांगली आहे, शब्द हिंदीत करून द्या. तिनं शांतपणे नाही म्हटलं. आणि मग ती गाणी तिच्या मोबाइलमध्ये पडून राहिली. मागितली कोणीच नाहीत. कार्यक्रमांना जात राहिली, विचारत राहिली, 'बोला, काय ऐकता?' मी दरवेळी सभागृहात जीव मुठीत धरून बसायची, की आता कोणी तरी म्हणेल. कोणी म्हटलं नाही.

मग आजारपण. फुप्फुसांत पाणी व्हायला लागलं. काढायचं, परत व्हायचं. दवाखाना, घर, दवाखाना. डबा, रिपोर्ट, मेडिकल स्टोअरची रांग… मी सांगत नाही सगळं, ज्यांनी केलं आहे त्यांना ठाऊक आहे. अंग इतकं दुखायचं की मशीनचं पायडल मारवत नव्हतं. कधी कधी मी तिच्यावर ओरडायचीही, जेव वं, किती नखरे करते. नर्स यायच्या, म्हणायच्या, रखमाताई, तो डायलॉग म्हणा ना. ती ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणायची. मला त्या पोरींचा राग यायचा, पण त्याही बिचाऱ्या दिवसभर उभ्या असायच्या.

शेजारच्या खाटेवर उमरेडच्या वेणूबाई होत्या. दम्याच्या पेशंट. त्यांच्या घरी टीव्ही होता, पण सुना लावतील ते बघायचं, त्यामुळे रखमा वगैरे त्यांना काही ठाऊक नव्हतं. कुमुद म्हणजे बाजूच्या खाटेवरची बाई, बस. कुमुद दुपारी कानात वायर घालून मोबाइलवर काही तरी ऐकत पडायची. एक दिवस कुशीवर वळताना वायर निघाली आणि ते गाणं मोठ्यानं वॉर्डात वाजायला लागलं. कूलरचं. कुमुद इतकी गडबडली, बंद करायचं बटण सापडेना. मीही धावले. तेवढ्यात वेणूबाई म्हणाल्या, 'राहू द्या न बाई. चांगलं लागून राहिलं.'

आम्ही दोघी थांबलो. गाणं संपेपर्यंत वेणूबाई छताकडे बघत होत्या. मध्ये एकदा हसल्या, मांडीवर हात मारून म्हणाल्या, 'असंच होते न वं बाई!' मग विचारलं, 'कोनाचं आहे?'

कुमुद म्हणाली, 'माहं.'

'माहं म्हनजे? तुम्हीच म्हनून राहिल्या त्यात?'

'मीच केलं, मीच म्हटलं.'

'मायबाई! मग फोन काहून लावता? तुम्ही इथंच हायेत न. तोंडानं म्हना न.'

कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. ते तोंड मी कधी विसरणार नाही. इतकी वर्षं भोंग्यापुढे, माइकपुढे, कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली बाई, पण अशी नवी नवरी झाल्यासारखी लाजली. मला म्हणाली, 'वहिनी, फर्माईश आली वं.' आणि लगेच खोकल्याची अशी उबळ आली की नर्सला बोलवावं लागलं. श्वास घेता येईना. पाणी परत भरलं होतं. जरा बरं वाटल्यावर तिनं वेणूबाईंना खूण केली. उद्या. उद्या म्हणते. मला म्हणाली, उद्या माझी वेणी घालून दे, अशी झिपरी नाही गाणार मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घातली. पण आवाज म्हणून जो काही होता तो रात्रीतच गेला होता, नुसती हवा. वेणूबाई म्हणाल्या, घाई नाही बाई, मी कुठं पळून चालली? दुपारी कुमुदला आयसीयूत हलवलं. स्ट्रेचरवरून जाताना तिनं माझं मनगट धरलं. काही घरचं सांगेल, भावाचं सांगेल, मला वाटलं. ती आवाजाशिवाय, नुसत्या हवेनंच म्हणाली, 'फर्माईश राह्यली, वहिनी.' मी म्हटलं, 'तू बरी हो, मग म्हण.' त्यानंतर ती बोलली नाही. वेणूबाईंना सुट्टी मिळाली, त्या काचेतून तिला बघून गेल्या. माझा नंबर घेतला.

तेरवी झाली. मग गावातल्या कलाकारांनी श्रद्धांजलीची सभा ठेवली. तेच सभागृह. मला जायचं नव्हतं, खरंच नव्हतं. पायांत जीव नव्हता, लोकांशी बोलून बोलून तोंड कडू झालं होतं. पण हे म्हणाले, आपण नाही गेलो तर कसं दिसेल. मी वेणूबाईंना कळवलं होतं, त्या मुलाबरोबर उमरेडहून आल्या, माझ्या बाजूला बसल्या. स्टेजवर तिचा मोठा फोटो, हार. भाषणं झाली. जॅझसम्राज्ञी झालं, रखमा झाली. मग तिची गाजलेली गाणी गायली, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी. चांगली गायली, माझी तक्रार नाही. शेवटी सूत्रसंचालक म्हणाले, कुमुदताई नेहमी रसिकांना विचारायच्या, काय ऐकता. तर आज आपण त्यांच्या घरच्यांना विचारू या. वहिनी, बोला, काय ऐकता?

माइक माझ्यापुढे आला. मी बोलायच्या आत वेणूबाई म्हणाल्या, 'बाईचं ते कूलरचं.'

स्टेजवरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पेटीवाला आता दुसरा होता. एक गायिका वाकून म्हणाली, 'ते आम्हाला येत नाही हो, सॉरी. दुसरं सांगा ना.' सूत्रसंचालक म्हणाले, रेकॉर्डिंग असेल, ते लावता येईल, कोणाच्या मोबाइलवर आहे का? वेणूबाईंनी मान हलवली. 'फोन नको जी. तोंडानं म्हना न कोनी तरी.' आणि त्या माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या डोक्यात साधं होतं. घरची बाई आहे, हिला येत असेल.

मला येत होतं. पण मी कधी हळदीलाही गायलेली नाही. माझा आवाज म्हणजे गिऱ्हाइकाला हाक मारायचा. मी उठले की मला कोणी उठवलं, आठवत नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. माइक तोंडापासून किती लांब धरायचा तेही ठाऊक नाही, तो कुई करून ओरडला. मी रोज म्हणायची तसंच म्हटलं, जरा सुरावर ओढून, 'कूलरात पाणी टाक वं बाई, दुपार अंगावर येते…'

आणि लोक हसले. श्रद्धांजलीची सभा, तरी हसले. सगळे नाही, मागचे काही. साडी नेसलेली म्हातारी बाई, कुई करणारा माइक आणि कूलरात पाणी. मला त्यांचा रागही आला नाही, इतकी मी दमले होते. पण कुमुद इथे का थांबली ते मला त्या दिवशी कळलं. वाटतं, हसू दे, आपणही हसून मोकळं व्हावं, दुसरं काही तरी विचारून टाकावं. मी बसणारच होते.

मी बसले नाही. हसणं संपेपर्यंत उभी राहिले. मग म्हटलं,

'गेलेलं माणूस येत नाही, ऊन मात्र रोज येते.'

माझा आवाज चिरकला. सभागृहात पंख्यांचा आवाज येत होता, तेवढाच. वेणूबाईंनी माझ्या पदराला खालून हिसका दिला.

'हं… पुढचं म्हना न वं बाई.'